वल्लरी आणि साडेतीन टक्के

शून्याच्या दिशेने जन्मभर चालत राहणाऱ्या, पण शून्याला कधीच न भेटणाऱ्या रेषा मला कॉलेजपासून आवडतात. सरांनी फळ्यावर अशी एखादी रेषा काढली की पुढच्या तासाला माझं लक्ष लागत नसे. ती खाली येते, आणखी खाली येते, अक्षाच्या अगदी कानाशी येते आणि तरी टेकत नाही. तिला कसलीच घाई नसते. यात काहीतरी काव्य आहे असं मला वाटायचं. तशीच एक रेषा बँक माझ्या नावाने काढते आहे हे नोकरी लागल्यावर कळलं, आणि मग त्यातलं काव्य जरा कमी झालं.

माझ्या क्रेडिट कार्डावर बहात्तर हजार रुपये होते. म्हणजे देणं होतं. ते कसे साठले हे सांगण्यात अर्थ नाही. चौतीस हजारांचा मायक्रोस्कोप सोडला, तर बाकीची रक्कम मलाही ओळख दाखवत नाही. मायक्रोस्कोपबद्दल मात्र माझी तक्रार नाही. मी तळोज्याच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासतो. तिथेही मायक्रोस्कोप आहे, पण तिथे येणारं पाणी कारखान्यांचं असतं आणि त्यात भेटावं असं कुणी राहत नाही. वडाळे तलावाच्या पाण्याचं तसं नाही. रविवारी सकाळी काठावरून छोट्या बाटलीत थोडं पाणी आणायचं, त्यातला एक थेंब काचेवर ठेवायचा आणि डोळा लावायचा. हिरव्या होड्या संथपणे एकमेकींना वाट देत जातात. एखादा पारदर्शक जीव डोक्यावरची दोन चाकं फिरवत येतो, थांबतो, आणि आपण कशाला आलो होतो ते विसरल्यासारखा परत फिरतो. तेवढ्यात नव्या विमानतळाकडे उतरणारं विमान आमच्या गच्चीवरून जातं, खिडकीची काच थरथरते, थेंबही थरथरतो, पण आतल्या मंडळींना त्याचं काही नसतं. अशा वेळी साडेतीन टक्के कुणाला आठवणार?

बँकेला. बँक दर महिन्याला एक किमान देय रक्कम कळवायची: तीन हजार सहाशे. मी ती इमानाने भरत होतो आणि आपण कर्ज फेडतो आहोत अशा समजुतीत शांत झोपत होतो. एका शनिवारी सहज कागद घेतला. बहात्तर हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे दोन हजार पाचशे वीस. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे चारशे त्रेपन्न आणि वर काही पैसे. माझ्या तीन हजार सहाशेपैकी मूळ कर्जापर्यंत पोचत होते सहाशे सव्वीस. बाकीचे वाटेतच उतरत होते. मी गणित पुन्हा पुन्हा तपासलं. चौथ्या दशांशापर्यंत अचूक असणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. पण स्वतःच्या बाबतीत इतकं अचूक असणं तब्येतीला बरं नसतं, असं तेव्हा प्रथमच वाटलं.

यातून बाहेर कसं पडावं हे विचारायला मी बँकेच्या शाखेत गेलो.

"क्रेडिट कार्ड आमच्याकडे नसतं," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

त्यांच्या मागे भिंतभर क्रेडिट कार्डाचं पोस्टर होतं. त्यात एक जोडपं कुठल्याशा समुद्राकाठी कार्ड हातात धरून हसत होतं.

"मग हे?"

"ते वरून येतं. आम्ही फक्त चिकटवतो."

"मग कार्डाबद्दल विचारायचं कुठे?"

"फोनवर."

"कुणाला?"

"ते फोनवर सांगतील ना."

फोनवर एक, मग चार, मग पुन्हा एक दाबल्यावर बासरी लागली. बासरी खरोखर चांगली होती. ती ऐकता ऐकता मी कुठेतरी लांब, पाण्यावर तरंगत गेलो, आणि मधूनच एक मुलगी बोलायला लागली आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं. कर्ज कमी कसं करावं असं मी विचारलं. तिने माझा सगळा इतिहास पाहिला आणि म्हणाली, "सर, तुम्ही आमचे उत्तम ग्राहक आहात. तुमचं लिमिट दीड लाख करू का?" शाळा सुटल्यापासून मला कुणी उत्तम म्हटलं नव्हतं. नको म्हणताना मलाच अपराध्यासारखं झालं.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर हरेशभाईंचं फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीनचं दुकान आहे. पैशाच्या बाबतीत सगळी खांदा कॉलनी त्यांना विचारते. मीही विचारलं, अर्थात माझ्या एका मित्राचं म्हणून.

"फ्रेंडला सांग, अजून दोन कार्ड काढ," हरेशभाई म्हणाले. "पहिल्याचं बिल दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर, तिसऱ्याचं परत पहिल्यावर. इथे माझ्या मशीनवर घासायचं. मी दोन टक्के घेतो, तुझा फ्रेंड आहे म्हणून दीड. पैसा उभा नाय राहायला पाहिजे, फिरला पाहिजे."

बाहेरून काही न घालता कायम फिरत राहणारं यंत्र बांधण्याचा प्रयत्न माणसाने कित्येक शतकं केला आहे. भौतिकशास्त्राने त्याला परवानगी दिलेली नाही, हे मी त्यांना नम्रपणे सांगितलं.

"परवानगी मागतो कोण?" हरेशभाई म्हणाले. "आणि फ्रेंडला सांग, तो मायक्रोस्कोप विकून टाक."

मायक्रोस्कोपचा उल्लेख मी केलेला नव्हता.

शेवटी मी टेबलासमोर भिंतीवर एक आलेख लावला. किमान रक्कम भरल्यास एक रेषा, दुप्पट भरल्यास दुसरी, काहीच न भरल्यास तिसरी. आई झाडू घेऊन आत आली आणि तिसऱ्या रेषेपाशी थांबली.

"हा कर्नाळ्याचा सुळका का रे?"

"नाही. हे मी पैसे भरले नाहीत तर."

आईने झाडू खाली ठेवला. तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. ती पलंगाच्या कडेला बसली, रकमेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. त्यांना आकडा सांगितला की ते फक्त त्याचे शून्य मोजतात." मग थोड्या वेळाने, "आणि भिशीतल्या बायकांना तर मरेपर्यंत कळता कामा नये." तिला ही एवढीच भीती होती, पण ती साधी नव्हती. या इमारतीत आईला 'शशिकलाताईंना विचारा' असा मान आहे. कुणाच्या घरात किती मीठ लागतं तेही बायका तिला विचारतात. तिचाच मुलगा उधळ्या निघाला म्हटल्यावर तो मान कुठे राहणार?

आणि गंमत अशी, की वाट त्याच भिशीतून जात होती.

आमच्या इमारतीत बारा बायकांची भिशी आहे. प्रत्येकीने महिन्याला सहा हजार घालायचे, जमलेले बहात्तर हजार चिठ्ठी टाकून एकीला द्यायचे, असं वर्षभर. बहात्तर हजार! विश्वाने माझ्या सोयीसाठी घडवून आणलेला हा एकमेव योगायोग. पहिल्याच महिन्यात भिशी लागली, तर बँकेचं देणं एका झटक्यात संपतं आणि पुढे वर्षभर मी आईला सहा-सहा हजार देत राहायचं. व्याज शून्य. वर जीएसटी शून्य. एवढा सुंदर उपाय मला बँकेत नाही, फोनवर नाही, घरातच झाडूजवळ सापडला होता.

फक्त एक नियम होता. पहिला नंबर चिठ्ठीने काढत नाहीत. जिला अडचण असेल तिला देतात. पण अडचण सगळ्यांसमोर सांगावी लागते, आणि ती शोभेशी असावी लागते. लग्न चालतं, ऑपरेशन चालतं, मुलांची फी चालते. गेल्या वर्षी पहिला नंबर भिशीच्या प्रमुख मालूताईंना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मिळाला होता. तेव्हापासून लिफ्ट बंद असली की त्या चौथ्या मजल्यापर्यंत माझ्यापुढे चढून जातात. शस्त्रक्रिया इतकी यशस्वी झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

रविवारी दुपारी भिशी आमच्याच घरी होती. मी आतल्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो होतो आणि कान बाहेर होते.

"पैला नंबर अडचनीला," मालूताईंनी सुरुवात केली. त्यांचं माहेर चिरनेरचं. सगळा जन्म पनवेलमध्ये जाऊनही त्यांची भाषा त्यांनी बदलू दिलेली नाही. "कोनाला अडचन हाय का?"

थेंबातला एक जीव मधोमध येऊन थांबला.

"आमच्या राजसचं ठरतंय," आई म्हणाली.

बाहेर एकदम चिवचिवाट झाला. आत मी इतका दचकलो की काच सरकली आणि अख्खा वडाळे तलाव माझ्या नजरेसमोरून वाहून गेला.

"पोरीचं नाव काय?"

आई बाल्कनीच्या दारात बसली होती. तिथे आमचा मनीप्लँट ग्रिल पकडून वर वर चढत असतो. "वल्लरी," आई म्हणाली.

"वा! करते काय?"

रस्त्यावरून एक कंटेनरचा ट्रेलर हॉर्न देत गेला. "जासईला असते. कंटेनर यार्डात. अकाउंट्सला."

"म्हणजे हिशोबाला पक्की," हेतलबेन म्हणाल्या. या हरेशभाईंच्या पत्नी. माणसाची पारख त्या हिशोबावरूनच करतात.

"हो," आई म्हणाली. "फार हिशोबी आहे."

बायका गेल्यावर मी आईसमोर उभा राहिलो. "लग्न? ऑपरेशन सांगायचं होतंस."

"कुणाचं? तुझ्या बाबांचं? रोज सकाळी वडाळ्याला दोन फेऱ्या मारतात, सगळे बघतात." तिने पाकीट माझ्या हातात दिलं. "घे. भर आधी. महिन्याभराने सांगू, पत्रिका जमली नाही."

योजना निर्दोष होती. मी पैसे भरले. पडद्यावर शून्य आलं. मी त्या शून्याकडे बराच वेळ बघत बसलो. रेषा टेकली होती.

घरात एकच माणूस राहिला होता, ज्याला काही सांगायचं आम्ही विसरलो होतो. बाबांना मुलाचं लग्न ठरल्याचं जिन्यात कळलं. दुसऱ्या कुणी आश्चर्य दाखवलं असतं. पण आमच्या बाबांना गेली तीस वर्षं प्रत्येक गोष्ट 'तुम्हाला सांगितलं होतं, तुमचं लक्ष नव्हतं' अशीच कळते. आपल्याला सांगितलं असणार, आपण पेपर वाचत असणार, असं समजून ते गप्प बसले आणि झालेली चूक कामाने भरून काढायची असं त्यांनी ठरवलं. आठवड्याभरात ते पळस्पे फाट्याजवळचं एक लॉन बघून आले.

"चांगलं आहे," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "तारीख हातची जाईल. त्यांना अकरा हजार टोकन हवंय. तुझं ते कार्ड दे जरा."

मी आईकडे बघितलं. आईने छताकडे बघितलं. नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि कारण एकच होतं. मी कार्ड दिलं.

इतक्या गोंधळात मला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. तळोज्याच्या बसमध्ये खिडकीपाशी बसलो की वल्लरी शेजारी येऊन बसायची. तिच्याबद्दल मला फक्त तीन गोष्टी माहीत होत्या: नाव, जासई, हिशोब. शास्त्रज्ञाला तीन बिंदू मिळाले की तो वक्र काढतो. ती यार्डातल्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसत असणार. खिडकीबाहेर लाल, निळे, पिवळे कंटेनर एकावर एक. दूरदेशांची नावं लिहिलेले. जेवणाच्या सुट्टीत ती त्यांच्यातलं एखादं नाव वाचून तिथे आत्ता सकाळ असेल की रात्र, याचा विचार करत असणार. मी तिला वडाळ्याचा थेंब दाखवला तर ती 'शी' म्हणणार नाही. ती डोळा लावून खूप वेळ बघेल आणि विचारेल, "हे सगळे कुठे चाललेत?" मी म्हणेन, माहीत नाही. आणि तिला ते उत्तर पुरेल. अशा वेळी माझं तळोजं मागे जायचं आणि मी पुढच्या स्टॉपवरून चालत यायचो.

आणि मग केळवणं सुरू झाली.

लग्न ठरलेल्या मुलाला घरोघर जेवायला बोलवायची आपल्याकडे पद्धत आहे, हे आईच्या योजनेत धरलेलं नव्हतं. आधी आईला अकरा घरी पेढे वाटावे लागले. चौदाशे रुपये, ऑनलाइन, अर्थात कार्डावर. मग मालूताईंकडे वडे, हेतलबेनकडे श्रीखंड आणि ढोकळा. प्रत्येक घरी पाटाभोवती रांगोळी, आणि प्रत्येक घासाबरोबर एक प्रश्न.

"मुलगी उंच आहे का रे?"

"मध्यम," मी म्हणालो. मला ती खरंच मध्यम वाटत होती.

"फोटो दाखव ना."

"तिला फोटो आवडत नाहीत." हेही मला माहीत होतं. कसं, ते विचारू नका.

पहिल्या मजल्यावर इक्बालचाचा आणि हव्वाबी राहतात. चाचा कुवेतहून परतल्यापासून दुपारभर मोकळे असतात आणि मोकळा माणूस फार काळजीपूर्वक ऐकतो. हव्वाबींनी सांदणं आणि मटणाचं सालन केलं होतं. "केळवण म्हणा, दावत म्हणा, जेवण तेच," असं म्हणत त्या माझ्या ताटात वाढत होत्या.

"जासईला कुठल्या यार्डात?" चाचांनी विचारलं. "आमचा अयान तिथेच असतो. माझ्या बहिणीचा मुलगा. त्याचे ट्रेलर सगळ्या यार्डांत जातात."

मी सांदण सालनात बुडवलं. "मोठं यार्ड आहे."

"सगळी मोठीच असतात बेटा. नाव?"

"निळं गेट आहे," मी म्हणालो.

"माशाअल्ला, नावापेक्षा गेट बरं लक्षात राहिलं," हव्वाबी हसल्या. "आत कोण बसतं, त्याचाच परिणाम."

त्याच आठवड्यात हरेशभाईंनी दुकानातून हाक मारली. "राजस, तुझं ते कार्ड घेऊन ये. त्याच्यावर दहा टक्के ऑफर चालू आहे. एका पार्टीला वॉशिंग मशीन द्यायचं आहे, चोवीस हजारचं एकवीस सहाशेला पडेल. कॅश तुला भिशीच्या दिवशी मिळणार. पडोशीचं काम आहे."

शेजाऱ्यांच्या कामाला मी नाही म्हणत नाही. मी कार्ड घासलं, पिन टाकला आणि घरी आलो. संध्याकाळी लिफ्टमधून दोन माणसं ते मशीन घेऊन आमच्याच दारात आली. मशीनला लाल रिबन होती. मागे अकरा बायका होत्या.

"राजस आणि वल्लरीला आमच्या सगळ्यांकडून," हेतलबेन म्हणाल्या.

मी माझा स्वतःचा आहेर, न होणाऱ्या लग्नाचा, माझ्याच कार्डावर विकत घेतला होता. टाळ्या वाजल्या. बाबांनी डोळे पुसले.

पुढचं बिल आलं तेव्हा मी ते थंडपणे वाचलं. मशीन एकवीस हजार सहाशे, लॉन अकरा हजार, पेढे चौदाशे: बरोबर चौतीस हजार. म्हणजे मी न घेतलेला दुसरा मायक्रोस्कोप. त्याखाली आणखी नऊशे एक्क्याण्णव. मी फोन केला, बासरी ऐकली. "सर, बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचं व्याज पुढच्या महिन्यात येतं," मुलगी म्हणाली. मी ज्या शून्याकडे एवढा वेळ बघत बसलो होतो, ते शून्य नव्हतं तर! आणि मागची बाकी अशी शिल्लक असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. मशीन घासल्याच्या दिवसापासून त्यावरही व्याज चालू झालं होतं. हे सगळं नियमांत लिहिलेलं होतं. मी पाण्यातले जीव हजार पट मोठे करून बघतो, पण बँकेच्या नियमांचे टाईप त्याहून बारीक असतात.

दोन दिवसांनी इक्बालचाचा घरी आले. आई देवळात गेली होती. त्यांनी दार स्वतःच लोटलं, मला खुर्चीत बसवलं आणि समोर पाणी ठेवलं.

"बेटा, दिल घट्ट कर."

"काय झालं चाचा?"

"अयानने चौकशी केली. मीच सांगितलं होतं, म्हटलं मुलीला नवऱ्याकडच्यांचा सलाम पोचवावा." त्यांनी पाणी माझ्याकडे सरकवलं. "निळं गेट बघितलं, हिरवं बघितलं, बिनगेटचंसुद्धा बघितलं. वल्लरी नावाची मुलगी जासईत नाही. कुठल्याच यार्डात नाही. ती मुलगीच नाही बेटा."

हे मला माहीत होतं. माझ्याइतकं ते दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

"त्याने नीट बघितलं का?" तरी मी विचारलं.

चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळपर्यंत इमारत पेटली. मुलीकडच्यांनी शशिकलाताईंना फसवलं, खोटी मुलगी दाखवली, बहुतेक पैसेही उकळले. हेतलबेन पोलिसांत जायला निघाल्या. मालूताईंनी तर गाडी ठरवली.

"रविवारी भिशी झाली का आमी सगल्या जासयला चाललो," त्या जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या. "माजा म्हायेर त्या बाजूचा हाय. लोकांच्या पोरांना फसवतात म्हंजे काय? एकेकाला इचारते."

आता खोट्याला पाय नव्हते, तर चाकं लागली होती. जासईतल्या कुठल्याशा निरपराध अकाउंटंटचं काय होईल, याची कल्पना करून मी घाबरलो. आईशी बोलायला गेलो तर ती मनीप्लँटची पिवळी पानं काढत होती. तिने वर बघितलं नाही.

रविवारी भिशी मालूताईंकडे होती. खाली गाडी उभी होती. मी आईबरोबर गेलो. बारा बायकांमध्ये एकटा पुरुष, हातात गुंडाळलेला आलेख. मी ठरवलं होतं की सगळं क्रमाने सांगायचं: आधी समस्या, मग पद्धत, मग निष्कर्ष.

"मला एक स्पष्टीकरण द्यायचं आहे," मी उभा राहून म्हणालो. "चक्रवाढ दराच्या बाबतीत सामान्य माणसाचा अंदाज—"

"बस खाली," आई म्हणाली.

ती उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, समोरच्या पोह्यांच्या बशीकडे बघत ती म्हणाली, "वल्लरी नाहीये. कुणी फसवलं नाही आम्हाला. मीच सांगितलं खोटं. ह्याच्या क्रेडिट कार्डाचं देणं होतं. बहात्तर हजार. मला तुमच्यासमोर सांगायची लाज वाटली."

हव्वाबींनी डोक्यावरचा दुपट्टा उगीचच सारखा केला. हेतलबेनचं तोंड उघडं राहिलं होतं. आई अजून बशीकडेच बघत होती, आणि तिचे कान लाल झालेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. ते मला साडेतीन टक्क्यांपेक्षा महाग वाटले.

"व्याज किती?" मालूताईंनी विचारलं.

"साडेतीन टक्के," मी म्हणालो. "महिन्याला. वर जीएसटी."

मालूताईंनी आपला डावा पाय लांब केला, त्याच्याकडे बघितलं आणि परत दुमडला.

"माजा गुडगा बी तसाच व्हता," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळेना.

"पोराच्या लग्नाचे कपडे घेतले कार्डाव. मग मोबाइल घेतला. मग काय काय घेतला ते मना बी नाय ठाव. दोन वरीस नुसता व्याज भरला." त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. "मग सांगितला गुडगा."

सगळ्यात आधी हव्वाबी हसल्या. मग हेतलबेन. मग आईच्या खांद्यावर कुणीतरी हात टाकला आणि आई एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली; शास्त्रीयदृष्ट्या दोन्ही क्रियांना स्नायू तेच लागतात.

"आजपासून नियम बदलला," मालूताईंनी जाहीर केलं. "पैल्या नंबराला कारन इचाराचा नाय. जिनी मागला तिला द्याचा. आनि गाडीवाल्याला सांगा, जासय नको."

बाकीचं पटापट मिटलं. अयानचं लग्न खरोखरच ठरलेलं होतं; हव्वाबींनी वॉशिंग मशीन रिबनसकट घेतलं आणि एकवीस हजार सहाशे तिथेच माझ्या हातात मोजले. "खाल्लेलं केळवण परत घेत नाही आम्ही," हेतलबेन म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी आधी मुलगी, मग श्रीखंड." उरलेलं देणं मी दोन पगारांत संपवलं आणि या वेळी शून्यावर विश्वास न ठेवता पुढच्या बिलाची वाट बघितली. बाबांना आईने सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, आणि शेवटी त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की आम्ही चकित झालो. "म्हणजे," ते म्हणाले, "मी विसरलो नव्हतो!"

राहिलं लॉन. टोकन परत मिळणार नाही, पण वर्षात कधीही वापरा, असं लॉनवाल्याने सांगितलं. म्हणून वर्षाची शेवटची भिशी सगळ्यांनी पळस्पेला करायची ठरवली. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या आणि स्टेजवर झेंडूच्या माळांत थर्माकोलची मोठी अक्षरं लावलेली होती: वल्लरी आणि राजस. बाबांनी बुकिंग करताना नावं दिली होती. रद्द करायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"काढून टाकू का?" लॉनवाल्याने ओशाळून विचारलं.

"असू दे," आई म्हणाली. "दिसतंय छान."

बायकांनी त्या अक्षरांखाली बसून शेवटची चिठ्ठी काढली. मी मागच्या रांगेत एकटाच होतो. दूर एक विमान दिवे लावून, जराही घाई न करता, खाली खाली येत होतं. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर मी माझी पिशवी ठेवली नव्हती.

फोन वाजला. या वेळी बासरी नव्हती.

"सर, अभिनंदन. तुमच्या कार्डावर आता काहीही देणं बाकी नाही. तुमच्यासारख्या ग्राहकासाठी एक खास ऑफर आहे. तुमच्या पत्नीच्या नावाने दुसरं कार्ड, आयुष्यभर मोफत. मॅडमचं नाव सांगता का?"

मी स्टेजकडे बघितलं. संध्याकाळच्या वाऱ्यात झेंडूची माळ हलत होती आणि पहिलं अक्षर जरासं पुढे झुकलं होतं, कुणी ऐकायला झुकावं तसं.

"नको," मी म्हणालो.

"एकदा मॅडमना विचारून तर बघा, सर."

"विचारायची गरज नाही," मी म्हणालो. "ती फार हिशोबी आहे."